प्रवेशद्वार आधी की पाण्याची गळती? नगराध्यक्षपदाचा जाहीरनामा वाचायचा कसा

निवडणुकीच्या दिवसांत पेपराच्या घडीतून एक गुळगुळीत पत्रक दारात पडतं. वर हात जोडलेला फोटो, खाली पंधरा-वीस आश्वासनं. चोवीस तास पाणी. सगळे रस्ते काँक्रीटचे. गावाच्या वेशीवर भव्य प्रवेशद्वार. अद्ययावत बसस्थानक, सुसज्ज रुग्णालय, तरुणांच्या हाताला काम. वाचताना बरं वाटतं. मग ते पत्रक फडताळातल्या डब्यांखाली अंथरलं जातं किंवा रद्दीत जातं.

डिसेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्रात अशी पत्रकं लाखोंनी वाटली गेली. २४६ नगरपरिषदा आणि ४२ नगरपंचायतींची निवडणूक जाहीर झाली होती. बहुतेक ठिकाणी २ डिसेंबरला, काही ठिकाणी २० डिसेंबरला मतदान झालं आणि मोजणी २१ डिसेंबरला झाली. त्याआधी कित्येक शहरांत तीन-चार वर्षं लोकांनी निवडलेलं कुणीच नव्हतं, कारभार प्रशासकाकडे होता. पाच वर्षांची मुदत संपण्याआधी निवडणूक झाली पाहिजे असं राज्यघटना सांगते, तरीही हे घडलं. एवढ्या काळानंतर आलेल्या आश्वासनांकडे म्हणूनच जरा नीट बघायला हवं. तुमच्याकडे ते पत्रक अजून असेल तर काढून समोर ठेवा.

नगरपरिषद म्हणजे मोठी सोसायटी, पण मॅनेजर सरकारचा

लहान शहराचा कारभार समजायला गृहनिर्माण सोसायटी डोळ्यांपुढे आणा. सभासद म्हणजे मतदार. त्यांनी निवडलेली समिती म्हणजे नगरसेवक. अध्यक्ष म्हणजे नगराध्यक्ष. मेंटेनन्स म्हणजे घरपट्टी आणि पाणीपट्टी. इथपर्यंत साम्य चांगलं जुळतं.

फरक मॅनेजरपाशी सुरू होतो. सोसायटीचा मॅनेजर सोसायटी नेमते. नगरपरिषदेचा मॅनेजर, म्हणजे मुख्याधिकारी, राज्य सरकार पाठवतं आणि बदली करून परतही नेतं. सही त्याची, कर्मचारी त्याच्या हाताखाली, ठरावांची अंमलबजावणीही त्याच्याकडे. काय करायचं ते सभागृहाने ठरवायचं आणि मुख्याधिकाऱ्याने करायचं, अशी ही रचना आहे. तिचा पाया १९६५ चा महाराष्ट्र नगरपरिषद, नगरपंचायत व औद्योगिक नगरी अधिनियम. पुढे १९९३ मध्ये लागू झालेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने शहरांच्या कारभाराला घटनेत जागा दिली आणि त्यांच्याकडे सोपवता येतील अशा अठरा विषयांची यादी केली. ‘सोपवता येतील’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. त्यांतलं किती सोपवायचं ते राज्याच्या हाती राहिलं.

कोणतं शहर कुठल्या पायरीवर बसतं, ते लोकसंख्येवर ठरतं. साधारण दहा ते पंचवीस हजार वस्तीला नगरपंचायत. त्यापुढे चाळीस हजारांपर्यंत ‘क’ वर्ग नगरपरिषद, एक लाखापर्यंत ‘ब’ आणि एक लाखाच्या वर ‘अ’. आपलं शहर कोणत्या वर्गात आहे हे बहुतेकांना ठाऊक नसतं. पण कर्मचारी किती आणि अनुदान किती, याचा या अक्षराशी जवळचा संबंध असतो.

मग नगराध्यक्षाच्या हातात उरतं काय?

या पदाची निवड कधी थेट लोकांतून, कधी नगरसेवकांतून, अशी बदलत आली आहे. २०१६ मध्ये थेट निवड आली, २०२० मध्ये गेली, २०२२ मध्ये परत आली. त्यामुळे या वेळी बहुतेक नगरपरिषदांत मतदाराने तीन मतं दिली: एक नगराध्यक्षाला, दोन आपल्या प्रभागातल्या जागांना.

थेट निवडून आला म्हणजे नगराध्यक्ष गावाचा मुख्यमंत्री झाला, असा समज होतो. तसं नाही. तो सर्वसाधारण सभेचा अध्यक्ष असतो, स्थायी समितीचाही अध्यक्ष असतो, सभेपुढे कोणता विषय कधी यावा यावर त्याचा मोठा प्रभाव असतो. पण पैसा खर्च करायला सभागृहाची मंजुरी लागते. नगराध्यक्ष एका पक्षाचा आणि बहुमत दुसऱ्याचं, असंही होतं. शिवाय मंजूर झालेला ठरावही कायद्याच्या कलम ३०८ खाली जिल्हाधिकारी स्थगित करू शकतात.

आता पत्रक हातात घ्या आणि पेन्सिलीने खुणा करा. बसस्थानक एसटी महामंडळाचं आहे. ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय राज्याच्या आरोग्य विभागाचं. वीज महावितरणची, पोलीस गृह खात्याचे, रेशन तहसील कचेरीचं. गावातून जाणारा मोठा रस्ता सहसा सार्वजनिक बांधकाम विभागाचा. रोजगार तर कुठल्याच नगरपरिषदेच्या थेट हातात नाही. या ओळी खोडल्यावर पत्रकात काय उरतं ते बघा. मी असं केलेलं आहे, आणि पुष्कळदा अर्ध्याहून कमी मजकूर उरतो.

उरतं ते मात्र फार मोलाचं असतं: पिण्याचं पाणी, गटारं, सफाई, कचरा, दिवाबत्ती, अंतर्गत रस्ते, बाजार, स्मशानभूमी, जन्म-मृत्यूची नोंद, बांधकाम परवाने. कायदा यांतल्या मुख्य कामांना आवश्यक कर्तव्यं म्हणतो. बागा, नाट्यगृहं वगैरे ऐच्छिक. म्हणजे प्राधान्य काय असावं याचा अर्धा निर्णय कायद्यानेच दिलेला आहे.

पैसा येतो कुठून?

एके काळी गावाच्या नाक्यावर जकात नाकं असायचं. येणाऱ्या मालावर कर, आणि तो रोजच्या रोज नगरपालिकेच्या तिजोरीत. नगरपरिषदांची जकात १९९९ मध्ये बंद झाली. व्यापाराच्या दृष्टीने ते योग्यच होतं, नाक्यांवरचा खोळंबा आणि चिरीमिरी संपली. पण तिच्या बदल्यात राज्याकडून सहायक अनुदान मिळू लागलं आणि लहान शहरांची कमाई स्वतःच्या हातून गेली. पगाराचा मोठा आधार आज हेच अनुदान आहे. ते लांबलं की सफाई कामगारांचे पगार लांबतात.

दुसरा मोठा झरा वित्त आयोगाचा. केंद्राच्या करांतला वाटा राज्यांना आणि स्थानिक संस्थांना कसा द्यायचा, ते हा आयोग सुचवतो. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळात लहान शहरांच्या अनुदानातले ६० टक्के ‘बंधित’ ठेवले: निम्मे स्वच्छतेसाठी, निम्मे पाण्यासाठी. आत्याने पाकिटावर लिहून द्यावं, ‘हे वह्या-पुस्तकांचे, कपड्यांना वापरायचे नाहीत’, तसं हे. उरलेले ४० टक्के गावाने आपल्या गरजेनुसार वापरायचे, पण पगारावर नाही.

तिसरा भाग वेगवेगळ्या योजनांचा: केंद्राची अमृत, राज्याची नगरोत्थान, जिल्हा नियोजन समितीचा निधी. या सगळ्यावर कामाचं नाव आधीच लिहिलेलं असतं.

आणि शेवटी स्वतःचं उत्पन्न: घरपट्टी, पाणीपट्टी, गाळ्यांचं भाडं, बाजार फी, परवान्यांचं शुल्क. कुणाला न विचारता वापरता येईल असा खरा पैसा एवढाच. रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये महापालिकांच्या हिशेबांवर अहवाल काढला, त्यात देशाच्या एकूण उत्पन्नाच्या मानाने महापालिकांचं सगळं उत्पन्न, अनुदानं धरूनही, दहा वर्षांहून अधिक काळ एका टक्क्याच्या आसपासच अडकलेलं दिसलं. त्याच अहवालात ब्राझीलसाठी हा आकडा ७ टक्क्यांच्या वर होता. आकडा मोठ्या शहरांचा आहे. लहान शहरांच्या तिजोऱ्या त्याहून श्रीमंत असतील असं कुणी म्हणणार नाही.

बांधणं वेगळं, चालवणं वेगळं

मला या लेखात खरं सांगायचं आहे ते इथे आहे. नगरपरिषदेचा खर्च दोन प्रकारचा असतो. एक भांडवली, म्हणजे एकदाच होणारा: टाकी बांधली, रस्ता केला, कमान उभारली. दुसरा महसुली, म्हणजे दर महिन्याला होणारा: पंपाचं वीजबिल, तुरटी आणि क्लोरीन, व्हॉल्व्ह उघडणाऱ्या माणसाचा पगार, घंटागाडीचं डिझेल.

स्कूटर घेणं आणि स्कूटर चालवणं यांत जो फरक, तोच हा. स्कूटर मामाने घेऊन दिली तरी पेट्रोल रोज आपल्यालाच घालायचं असतं. योजनांचा पैसा जवळजवळ सगळा स्कूटर घेण्याचा असतो. पेट्रोलचा पैसा घरपट्टी-पाणीपट्टीतून यावा लागतो, आणि तिथेच खडखडाट असतो. म्हणून नवी टाकी बांधून उभी राहते आणि तिच्यात पाणी चढत नाही. शुद्धीकरण केंद्राचं उद्घाटन होतं आणि दोन वर्षांत त्याच्या आवारात गवत वाढतं. शौचालयाला कुलूप लागतं.

बांधण्याच्या कामाला नारळ फुटतो, कोनशिला बसते, फोटो येतो. गळकी पाइप वेळेत बदलली तर काहीच घडत नाही, पाणी फक्त नेहमीसारखं येतं. त्यामुळे उमेदवाराला बांधायला आवडतं, आणि आपणही, मान्य करायला हवं, बांधलेलंच मोजतो. ‘त्यांनी काय केलं?’ असं विचारलं की बोट इमारतीकडे जातं.

‘प्राधान्य’ या शब्दाचा अर्थ क्रम. वीस गोष्टींची यादी देणाऱ्याने प्राधान्य सांगितलेलंच नसतं. ज्याने म्हटलं की पहिल्या वर्षी पाण्याची गळती मोजणार, दुसऱ्या वर्षी घरांच्या नोंदी पूर्ण करणार, आणि प्रवेशद्वार या पाच वर्षांत करणार नाही, त्याने सांगितलं. असं शेवटचं वाक्य लिहिणारा उमेदवार भेटला तर मी पक्ष न बघता त्याचं पुढचं ऐकेन.

चोवीस तास पाणी: खरंच शक्य आहे?

शक्य आहे, आणि लहान गावात शक्य आहे. कराडला लागून असलेल्या मलकापूरने २००९ च्या सुमारास ते सुरू केलं. नळांना मीटर बसवले आणि जास्त वापराला चढता दर लावला. मोठमोठी शहरं जे करू शकली नाहीत ते सातारा जिल्ह्यातल्या या छोट्या गावाने केलं, याचा अभिमान वाटायला हवा.

लोकांना वाटतं की चोवीस तास म्हणजे खूप जास्त पाणी लागेल. इथे थोडं थांबून नळाच्या आत काय होतं ते बघू. पाणी तासभरच येतं तेव्हा आपण पिंप, टाकी, हंडे, मिळेल ते भरून ठेवतो, आणि दुसऱ्या दिवशी ‘शिळं’ म्हणून उरलेलं ओततो. नळाला तोटी नसते, कारण पाणी नसताना तोटीचा उपयोग काय? काही जण नळाला थेट मोटर लावतात. मग शेवटच्या घराला धार करंगळीएवढी. इकडे पाणी बंद झालं की रिकाम्या पाइपात हवा खेचली जाते, आणि फुटक्या जोडातून शेजारच्या गटाराचं पाणीही आत शिरतं. पाणी सोडल्यावर पहिली पाच मिनिटं गढूळ येतं ते यामुळे. पाइप सतत दाबाखाली भरलेली असली तर घाण आत येऊच शकत नाही, साठवण्याची घाई संपते, आणि मीटर असल्याने तोटी आपोआप बसते.

आता आकडा मांडून बघू. भुयारी गटार असलेल्या शहरासाठी माणशी रोज १३५ लिटर हे प्रमाण धरतात, गटार योजना नसेल तर ७० लिटर. समजा पन्नास हजार वस्तीचं शहर आहे आणि १३५ लिटरने पाणी द्यायचं आहे. घरांपर्यंत रोज साडेसदुसष्ट लाख लिटर पोचलं पाहिजे. वाटेत ४० टक्के गळत असेल तर नदीतून एकशे साडेबारा लाख लिटर उचलावं लागतं. गळती २० टक्क्यांवर आणली, आणि केंद्र सरकारने ठरवलेलं मानक तेवढंच आहे, तर साडेचौऱ्याऐंशी लाखांत भागतं. रोजचं अठ्ठावीस लाख लिटर पाणी उचलण्याचं वीजबिल वाचलं, एक नवी विहीर न खोदता.

म्हणून ‘चोवीस तास पाणी’ लिहिणाऱ्या उमेदवाराला पहिला प्रश्न विचारायचा: आज गळती किती आहे? ‘माहीत नाही, कारण मीटरच नाहीत’ हे उत्तर आलं तरी चालेल. ते प्रामाणिक आहे आणि त्यातून पहिलं काम कळतं. मनमाडसारख्या गावाचा प्रश्न निराळा, तिथे उगमातच पाण्याची ओढ होती आणि लोकांनी पंधरा-पंधरा दिवस नळाची वाट पाहिली. अशा ठिकाणी बाहेरून पाणी आणणारी मोठी योजना लागतेच. पण आणलेलं पाणी गळक्या जाळ्यात सोडलं तर फाटक्या गोणीत धान्य भरल्यासारखं होतं.

जमिनीखालचा प्रश्न, जो पत्रकात कधीच नसतो

बहुतेक लहान शहरांत भुयारी गटार नाही. घराघरात सेप्टिक टँक आहे. त्याचं काम साधं: मैला खाली बसतो, वरचं पाणी पुढे जातं. पण खाली बसलेला गाळ वाढत गेला की टाकीत जागा उरत नाही आणि घाण तशीच गटारात, तिथून ओढ्यात आणि नदीत. टाकी दोन-तीन वर्षांनी उपसायला हवी. आपण काय करतो? ती तुंबली, आवारात वास सुटला, की मग गाडी बोलावतो. दहा-दहा वर्षं कुणी झाकण उघडत नाही. आणि ती गाडी उपसलेला मैला नेऊन टाकते कुठे, हे विचारायचंही राहून जातं.

वाई आणि सिन्नर या दोन नगरपरिषदांनी यावर जे केलं ते मला फार मोठं वाटतं. त्यांनी शहराचे भाग पाडले आणि दरवर्षी एकेका भागातल्या टाक्या ठरलेल्या क्रमाने उपसायला घेतल्या. तीन वर्षांत सगळं गाव पूर्ण, मग पुन्हा पहिल्यापासून. तक्रारीची वाट नाही, घरमालकाला एकदम मोठा खर्च नाही. पैसा स्वच्छतेच्या आणि मालमत्तेच्या करातून. ठेकेदाराला काम झालं त्या प्रमाणात पैसे. उपसलेला मैला प्रक्रिया केंद्रात जातो. वाईच्या घाटावर कृष्णेत पाय सोडून बसणाऱ्याला यातलं काही दिसत नाही. आणि टाकीत माणूस उतरवायची वेळ येत नाही, हे त्याहून महत्त्वाचं. संरक्षक साधनांशिवाय तसं उतरवणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे, तरी माणसं मरतात.

शेकडो कोटींची भुयारी गटार योजना मंजूर होईल तेव्हा होईल. ठरलेल्या वेळी टाक्या उपसायला गाड्या, एक प्रक्रिया केंद्र आणि एक वेळापत्रक लागतं. लहान शहराच्या आवाक्यातलं प्राधान्य कसं दिसतं, याचं याहून चांगलं उदाहरण मला ठाऊक नाही.

कचऱ्याच्या बाबतीत तर महाराष्ट्रातली लहान शहरं देशाला धडा देत आली आहेत. एक लाखाखालच्या शहरांत स्वच्छ सर्वेक्षणात २०२० ला कराड पहिलं आलं, २०२१ ला विटा, २०२३ ला सासवड. वेंगुर्ल्याने कचऱ्याच्या डेपोचं असं रूप पालटलं की लोक तो बघायला जाऊ लागले. किल्ली प्रत्येक ठिकाणी एकच, कचरा घरातच वेगळा होणं. मोठी यंत्रं नंतरची.

‘पण घरपट्टी वाढवतो म्हणणाऱ्याला कोण निवडून देईल?’

रास्त शंका आहे. म्हणूनच उमेदवाराने दर वाढवण्याआधी यादी पूर्ण करण्याचं बोलावं.

घरपट्टी कशी बसते? तुमचं घर भाड्याने दिलं तर वर्षाला किती भाडं येईल याचा अंदाज धरतात, दुरुस्तीपोटी दहा टक्के वजा करतात, उरलेल्या रकमेला करयोग्य मूल्य म्हणतात. त्यावर ठरलेल्या टक्क्यांनी कर. समजा महिना हजार रुपये भाडं धरलं: वर्षाचे बारा हजार, वजा बाराशे, करयोग्य मूल्य १०,८०० रुपये. ही आकारणी दर चार वर्षांनी नव्याने करायची असते. ती रखडते, कारण निवडणूक जवळ आली की कुणाला हात लावायचा नसतो.

पुन्हा सोसायटीकडे येऊ. वीस फ्लॅटची इमारत, पण वहीत नोंद चौदांची. दोघांनी गच्चीवर खोल्या चढवल्या, एकाने तळमजल्याचं दुकान केलं, पण मेंटेनन्स जुनाच. अशा वेळी चौदा जणांचा मेंटेनन्स वाढवणं अन्याय आहे. आधी वीसही जण वहीत आले पाहिजेत. शहरात हेच होतं: वाढीव मजले, घराचं झालेलं मंगल कार्यालय, शहराच्या कडेला उठलेल्या नव्या वसाहती. यांची नोंद झाली आणि बड्या थकबाकीदारांची वसुली झाली, तर एका खोलीत राहणाऱ्या विधवेच्या घरपट्टीला हात न लावताही उत्पन्न वाढतं.

‘घरपट्टी माफ’ असं आश्वासन मोहक असतं. पण पाणी चालवण्याचा पैसा तिच्यातूनच येतो. माफीची किंमत कळते ती नळाला पाणी येत नाही तेव्हा.

‘आमदारांच्या ओळखीने निधी आणला तर बिघडलं कुठे?’

काहीच नाही, आणावाच. लहान शहर एकट्याच्या कमाईवर धरणातून पाणी आणू शकत नाही. अमृत २.० मध्ये एक लाखाखालच्या शहरांसाठी केंद्राचा वाटा ५० टक्के ठरला, बाकीचा राज्य आणि नगरपरिषद मिळून. पण आणलेल्या निधीची बातमी वाचताना स्वहिस्सा, म्हणजे नगरपरिषदेने स्वतः भरायचा वाटा, किती, आणि काम झाल्यावर वर्षाला चालवायचा खर्च किती, ही दोन उत्तरं मागावीत. स्वहिस्सा भरता आला नाही तर योजना अडते. चालवायचा खर्च धरलाच नाही तर ती बांधून बंद पडते.

नकाशातलं मैदान

मतदार क्वचित बघतो असा एक कागद म्हणजे विकास आराखडा. पुढच्या वीस वर्षांत शहर कसं वाढेल याचा नकाशा. त्यात शाळा, बाग, मैदान, रस्ता यांसाठी खासगी जमिनींवर आरक्षण टाकलेलं असतं. ही जमीन नगरपरिषदेने दहा वर्षांत घेतली नाही, तर मालक १९६६ च्या नगररचना कायद्याच्या कलम १२७ खाली नोटीस देऊ शकतो. त्यानंतर चोवीस महिन्यांत संपादनाचं पाऊल पडलं नाही की आरक्षण उडतं. मैदान गेलं. कुणी चोरलं नाही, मोर्चा निघाला नाही, फक्त एका नोटिशीला उत्तर गेलं नाही. मालकाचंही चूक नाही, त्याने दहा वर्षं वाट पाहिलेली असते. शहर मात्र कायमचं हरतं, कारण मधल्या वस्तीत पुन्हा तेवढी मोकळी जागा मिळत नाही. आपल्या शहरातली किती आरक्षणं दहा वर्षं ओलांडून गेली, हे ज्या उमेदवाराला पाठ आहे त्याने गृहपाठ केलेला आहे.

‘हे सगळं सामान्य माणसाने तपासायचं कसं?’

खेड्यात ग्रामसभा असते. सरपंचाला तिथे उभं राहून हिशेब विचारता येतो. घटनेने सक्तीच्या केलेल्या प्रभाग समित्या तीन लाखांच्या वरच्या शहरांसाठी आहेत. म्हणजे गाव नगरपंचायत झालं की नागरिकाच्या हातून ग्रामसभा जाते आणि बदल्यात काहीच येत नाही. महाराष्ट्राच्या कायद्यात २००९ मध्ये क्षेत्रसभेची, म्हणजे एकेका भागातल्या मतदारांच्या सभेची, तरतूद आली, पण ती भरलेली किती जणांनी पाहिली आहे? जाहीरनाम्यात ‘दर तिमाहीला प्रभागात क्षेत्रसभा घेणार’ एवढी एक ओळ असली तरी मी तिला प्रवेशद्वाराच्या वर ठेवेन. हिला निधी लागत नाही, मुंबईची मंजुरी लागत नाही, शाळेचा एक वर्ग संध्याकाळी उघडून मिळाला की झालं. निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत. सभेत प्रश्न विचारताना तो निवडून आलेल्या ताईंनाच विचारावा, शेजारी बसलेल्या त्यांच्या यजमानांना नाही.

तोवर काही गोष्टी आजही आपल्या हातात आहेत. जन्माचा दाखला, मालमत्तेच्या नोंदी यांसारख्या कामांना लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ ने मुदत घातलेली आहे. ती टळली तर अपील करता येतं आणि दोषी अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. सभेचं इतिवृत्त, अर्थसंकल्प, लेखापरीक्षणाचे आक्षेप हे सारं माहिती अधिकारात मिळतं. अर्थसंकल्प दरवर्षी १ एप्रिलच्या आधी मंजूर व्हायचा असतो. तो मागवा आणि सगळा वाचू नका. पाणीपुरवठ्याचं पान उघडा, पाणीपट्टीची जमा आणि पंपाचं वीजबिल शेजारी शेजारी मांडा. दोन आकड्यांतलं अंतर हीच तुमच्या शहराची तब्येत.

आणि तुमच्या गल्लीत नवा रस्ता झाला असेल तर कार्यादेशाची, म्हणजे ठेकेदाराला काम दिल्याच्या आदेशाची, प्रत मागा. त्यात दोषदायित्व कालावधी लिहिलेला असतो. तेवढ्या मुदतीत रस्ता उखडला तर ठेकेदाराने तो स्वखर्चाने दुरुस्त करून द्यायचा असतो, नगरपरिषदेने पुन्हा पैसे मोजायचे नसतात. ती तारीख घराच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. पहिल्या पावसाळ्यानंतर खड्डा पडला की खड्ड्याचा फोटो आणि ती तारीख एका अर्जात जोडून मुख्याधिकाऱ्यांकडे द्या, आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक व शिक्का घेऊनच परत या.